डरायस नव्हे, दार्यूश. पण धारयद्वसुही नव्हे

गेल्या हिवाळ्यात आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत प्राचीन इराणवर एक व्याख्यान झाले. वक्त्यांनी तिथल्या एका राजाच्या नावाचा ‘डॅरियस’ असा उच्चार केला, तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका निवृत्त शिक्षकांनी ‘डरायस म्हणा’ अशी दुरुस्ती केली. वक्त्यांनी मान डोलावून पुढचे वाक्य सुरू केले न केले तोच मागून एक गृहस्थ उभे राहिले. म्हणाले, दोन्ही चूक; मूळ नाव धारयद्वसु, तो राजा संस्कृतच बोलत होता, म्हणजे तो आपलाच. त्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटे नावावर गेली. त्याचा लेख असलेला बेहिस्तूनचा कडा, त्याच्या राजधानीचे म्हणजे पर्सेपोलिसचे जिने, सिंधूपासून आजच्या तुर्कस्तानातल्या सार्डिसपर्यंत पसरलेले राज्य, सगळे बाजूला राहिले. वेळ गेल्याचे मला फारसे दुःख नाही. दुःख याचे आहे की इतका चांगला विषय हाती येऊनही तिन्ही पक्षांनी तो वाया घालवला. पहिल्या दोघांचे भांडण इंग्रजीच्या दोन उच्चारांमधले होते, त्यात इराण कुठेच नव्हता. तिसऱ्यांच्या बोलण्यात इराण होता, पण तो हिसकावून घेण्यापुरता.

माझे मत आधीच सांगतो. मराठीत या राजाचे नाव इंग्रजीच्या दारातून आणण्याची काहीही गरज नाही. ते आजच्या इराणात म्हणतात तसे ‘दार्यूश’ लिहावे आणि म्हणावे. पहिल्या उल्लेखाला त्याचे जुने रूप ‘दारयवहुश’ अर्थासकट सांगावे. तो अर्थ उलगडताना संस्कृतची मदत जरूर घ्यावी, कारण तिच्याइतकी चांगली मदत दुसरी नाही. पण मदत घेणे वेगळे आणि मालकी सांगणे वेगळे.

आधी ते नाव नीट पाहू. इ.स.पू. ५२२ मध्ये गादीवर आलेल्या या राजाने करमानशाहजवळ बेहिस्तूनच्या कड्यावर, रस्त्यावरून कुणाला वाचताही येणार नाही इतक्या उंचीवर, जुनी फार्सी, एलामी आणि बाबिलोनी अशा तीन भाषांत आपली हकीकत कोरून घेतली. जुन्या फार्सीतला मजकूर सुरू होतो तो असा: ‘अदम् दारयवउश ख्शायथिय वज़्रक ख्शायथिय ख्शायथियानाम्’. मी दारयवउश, थोर राजा, राजांचा राजा. ‘अदम्’ म्हणजे आपले ‘अहम्’. ‘ख्शायथिय’ झिजत झिजत ‘शाह’ झाला, आणि ‘राजांचा राजा’ या जोडीतून ‘शहंशाह’ आला. ‘वज़्रक’ म्हणजे थोर. त्याचा पुढे फार्सीत ‘बुजुर्ग’ झाला आणि तो शब्द दख्खनेत आल्यावर आपल्या गावांच्या नावांत ‘बुद्रुक’ होऊन बसला. वडगाव बुद्रुक, कोंढवा बुद्रुक, आंबेगाव बुद्रुक. पुण्यात बसच्या पाटीवर रोज वाचला जाणारा हा शब्द आणि अडीच हजार वर्षांपूर्वी त्या कड्यावर राजाने स्वतःला लावलेले विशेषण एकाच वंशाचे आहेत. हे माहीत नसताना आपण त्या राजाचे नाव लंडनला विचारायला जातो, याचे मला खरेच वाईट वाटते.

आता नाव. ‘दारय’ आणि ‘वहु’ असे त्याचे दोन तुकडे. ‘दारय’ म्हणजे धरून ठेवणारा, संस्कृत ‘धारय’चा सख्खा भाऊ. ‘वहु’ म्हणजे चांगले, भले, संस्कृतातला ‘वसु’. आपल्याकडचा ‘स’ इराणी भाषांत ‘ह’ होतो, सप्तचे हप्त आणि सिंधूचे हिंदू, तसाच वसुचा वहु. जुन्या फार्सीच्या कीललिपीत, म्हणजे खिळ्यांसारख्या खुणांच्या लिपीत, ‘उ’च्या आधीचा ‘ह’ लिहीत नसत, म्हणून शिळेवर ‘दारयवउश’ दिसते. पण पश्चिम आशियातल्या आरामाई भाषेतल्या लेखनात तो ‘ह’ टिकला आहे. शेवटचा ‘श’ नावाचा भागच नव्हे. ‘वसुः’मधल्या विसर्गासारखा तो प्रथमेचा प्रत्यय आहे. सगळे मिळून अर्थ होतो ‘भले ते धरून ठेवणारा’. मराठी माणसाला हा अर्थ समजायला कोशाची गरज पडू नये. ज्यांच्या घरी एखादी वसुंधरा आत्या आहे, त्यांच्या घरी हेच दोन तुकडे उलट्या क्रमाने नांदत आहेत.

हा ‘वहु’ आपल्या इतिहासात आणखी एका ठिकाणी लपला आहे. अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातला ‘वोहु मनह’, म्हणजे सद्बुद्धी, कालांतराने ‘बहमन’ झाला. पारशी पंचांगातला अकरावा महिना बहमन, त्या महिन्यात अनेक पारशी घरांत मांसाहार टाळतात. आणि १३४७ मध्ये दख्खनेत नवे राज्य उभे करणाऱ्या सुलतानाने स्वतःला बहमनशाह म्हणवले ते प्राचीन इराणच्या बहमन राजाशी नाते सांगण्यासाठी. शाळेत आपण ‘बहमनी’ हा शब्द घोकतो, त्यातला ‘बह’ हा दारयवहुशातला ‘वहु’ आहे. पण आपल्याला काय सांगितले जाते? गंगू नावाच्या ब्राह्मणाच्या उपकाराची आठवण म्हणून ‘बहमनी’. फिरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवलेली ही गोष्ट गोड आहे, आणि इतिहासकारांनी ती केव्हाच बाजूला ठेवली आहे. एका नावाचा अर्थ न कळल्याने जवळच्या आवाजाचा शब्द पकडून कहाणी रचणे हा मानवी स्वभाव आहे. इराणनेही तेच केले. शाहनाम्यात, म्हणजे इराणच्या राजांवरच्या महाकाव्यात, दाराब राजाची कथा आहे: आईने पेटीत घालून नदीत सोडलेले मूल धोब्याला पाण्यात सापडले, म्हणून नाव ‘दर आब’, पाण्यात. कर्णाची आठवण व्हावी अशी कथा, पण व्युत्पत्ती साफ चुकीची. जिथे स्वतः इराणी लोक आपल्या राजाच्या नावाचा अर्थ विसरून कहाणीत रमले, तिथे ध्वनी जुळला म्हणून सिद्धांत मांडणाऱ्या प्रत्येकाने थोडे थांबायला हवे.

माझ्या मताविरुद्ध सर्वांत वजनदार मुद्दा हाच आहे. नावे प्रवासात बदलतात. बदलू देण्यात गैर काय? त्याला आणखी बळ देणारी गोष्ट मीच सांगतो. बेहिस्तूनच्या त्याच कड्यावर, राजाच्या हुकमाने, त्याचे नाव एकाच रूपात कोरलेले नाही. एलामी मजकुरात ते ‘दारियमाउइश’सारखे आहे, बाबिलोनी मजकुरात ‘दारियमुश’सारखे, ‘व’च्या जागी चक्क ‘म’. राजाने त्या लेखनिकांचे हात तोडले नाहीत. आपल्या अशोकाचेही तसेच. १९५८ मध्ये कंदाहारला सापडलेल्या त्याच्या ग्रीक-आरामाई लेखात ‘पियदसि’ या त्याच्या बिरुदाचा ग्रीकांसाठी ‘पिओदास्सेस’ झाला आहे. हिब्रूने त्या इराणी राजाला ‘दार्यावेश’ म्हटले, ग्रीकांनी ‘दारेइओस’. मग मराठीने ‘डरायस’ म्हटले तर एवढा गहजब कशाला?

मला हा मुद्दा मान्य आहे, आणि म्हणूनच त्याच्यावरून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. एलामी लेखनिकाने एलामी जिभेला जमेल तसे लिहिले. ग्रीकांनी आपला ‘ओस’ जोडला, कारण त्याशिवाय त्यांना ते नाव वाक्यात चालवता येईना. ‘दारा’ हे रूप इराणी जिभेवर शतकानुशतके फिरून गुळगुळीत झाले, आणि तेच आपल्याकडे दारा शिकोहच्या नावात आले. ही सगळी रूपे ज्याच्या त्याच्या तोंडात घडली. ‘डरायस’ कुणाच्या तोंडात घडला? ग्रीक ‘दारेइओस’चे लॅटिनमध्ये ‘दारीउस’ झाले. मग इंग्रजीत दीर्घ ‘ई’चा ‘आय’ होण्याची जी मोठी उलथापालथ पंधराव्या शतकापासून सुरू झाली, तिच्यात हा ‘री’ ‘राय’ झाला. म्हणजे आपण ज्याला अचूक उच्चार म्हणून भर सभेत दुरुस्त करतो, तो ‘राय’ राजाच्या मृत्यूनंतर दोन हजार वर्षांनी इंग्लंडात जन्मला. आणि ‘ड’? तो आपल्या कानांना ऐकू येणारा इंग्रजी ‘डी’. फार्सीत स्वच्छ दंत्य ‘द’ आहे, मराठीतही आहे. ‘डरायस’ला मराठीने वळवलेले नाव म्हणता येत नाही. मराठीने ते दुसऱ्याच्या वळणासकट उचलले आहे. मराठी जीभ ‘दार्यूश’ सहज म्हणते, लिपी ते सहज लिहिते. अडचण नसताना आडवाट का धरायची?

दुसरा आक्षेप सोयीचा. पुस्तके, नकाशे, परीक्षा, सगळीकडे प्रचलित रूप आहे; विद्यार्थ्याचा गोंधळ होईल. सोय ही क्षुल्लक गोष्ट नाही, मी स्वतः वर्गात शिकवताना तिचा आधार घेतला आहे. पण कंसात एकदा प्रचलित रूप दिले की गोंधळ संपतो, आणि आपण असे बदल पचवले आहेत. इराणने १९३५ मध्ये जगाला सांगितले की आम्हाला ‘पर्शिया’ म्हणू नका, इराण म्हणा. जगाचे व्यवहार अडले नाहीत. सोयीवाल्यांना माझा एक उलट प्रश्न आहे. ग्रीक लेखकांनी चंद्रगुप्ताला ‘सँड्रोकोटस’ लिहिले. विल्यम जोन्सने १७९३ मध्ये तो चंद्रगुप्तच, हे ओळखून सांगितले. उद्या एखाद्या इराणी पाठ्यपुस्तकाने ‘सँड्रोकोटस’च लिहिले आणि ‘आमच्याकडे हेच रूढ आहे’ असे उत्तर दिले, तर आपल्याला कसे वाटेल? की आपल्याला त्याचे काही वाटणारच नाही, कारण झेलमच्या काठी अलेक्झांडरशी लढलेल्या पौरव राजाला आपणही बिनदिक्कत ‘पोरस’ म्हणतो?

नाव ऐकणे हा शिष्टाचाराचा भाग आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती अभ्यासाची पद्धत आहे. कीललिपी वाचली गेली ती याच नावाच्या जोरावर. कार्स्टन नीबूर हा डॅनिश मोहिमेतला एकटा जिवंत राहिलेला प्रवासी १७६४ च्या अखेरीस मुंबईहून निघाला आणि १७६५ च्या वसंतात पर्सेपोलिसला पोचून त्याने तिथल्या लेखांच्या नकला केल्या. त्या नकलांवर ग्रोटेफेंड नावाचा एक जर्मन शाळामास्तर १८०२ मध्ये बसला. त्याने ताडले की मजकूर ‘अमुक, थोर राजा, राजांचा राजा, तमुकाचा मुलगा’ अशा साच्यातला असणार. एका ठिकाणी बापाला ‘राजा’ म्हटलेले नव्हते. गादीवर न बसलेल्या बापाचा राजा झालेला मुलगा कोण? विश्तास्पाचा मुलगा दार्यूश. पण ‘दारेइओस’ हे ग्रीक रूप त्या सात चिन्हांत बसेना. तो हिब्रू रूपाकडे वळला, तेव्हा बसले. बापाचे नाव त्याला अवेस्ताच्या भाषांतरातून मिळाले, आणि ते भाषांतर ज्या पोथ्यांवरून झाले त्या आंकतील द्यु पेराँ या फ्रेंच तरुणाने सुरतेच्या पारशी दस्तुरांकडून मिळवल्या होत्या. पुढे बेहिस्तूनचा अख्खा लेख उतरवून वाचणारा हेन्री रॉलिन्सन मुंबई फौजेतला अधिकारी. आणि मधल्या काळात लासेन आणि बुर्नूफ यांना अक्षरांचे गणित सोडवता आले, कारण दोघेही संस्कृतचे पंडित होते. ग्रोटेफेंड ‘रूढ आहे तेच बरोबर’ म्हणून ग्रीक रूपाला चिकटून बसला असता, तर किती वर्षे गेली असती?

इथे मागच्या रांगेतले गृहस्थ म्हणतील, संस्कृतने वाचले, म्हणजे संस्कृतच होते. त्यांचे म्हणणे मी हसून उडवून लावणार नाही, कारण नाते खरे आहे आणि ते पाहून अंगावर रोमांच येतात. बेहिस्तूनला राजा म्हणतो, ‘मना पिता विश्तास्प’. मम पिता. ऋग्वेदात अदितीला ‘धारयत्क्षिति’ म्हटले आहे, लोकांना धरून ठेवणारी. दारयवहुशाची घडण नेमकी त्याच साच्याची. संस्कृतात हे नाव असते तर ते ‘धारयद्वसु’ असते, हे शंभर टक्के खरे. पण ‘असते’ आणि ‘होते’ यांत सगळा फरक आहे. तो माणूस ‘धारयद्वसु’ नव्हता, कुणीही त्याला कधी त्या नावाने हाक मारली नाही. जुनी फार्सी आणि संस्कृत या बहिणी, आई हरवलेली. आडनाव जुळले म्हणून चुलत्याच्या शेताचा सातबारा आपल्या नावावर होत नाही.

शिवाय शब्द जवळचे असले तरी मने जवळची होती असे नाही. याच घराण्यात ‘अहुर’ परमेश्वर आहे, आपल्याकडे ‘असुर’ हळूहळू राक्षस झाला. दार्यूशचा मुलगा ख्शयार्शा, ज्याला आपण ‘झर्क्सीज’ म्हणतो, एका लेखात अभिमानाने सांगतो की त्याने ‘दैव’ पुजले जात होते ते ठिकाण उद्ध्वस्त केले. त्याच्या भाषेत ‘दैव’ म्हणजे खोटे देव. शब्द आपला ‘देव’च. नातेवाईक म्हणून मिठी मारायला निघालेल्याने निदान एवढे वाचून निघावे. आणि ‘तो आपला’ म्हणण्याआधी ‘हिंदुश’ या शब्दाकडेही पाहावे. बेहिस्तूनच्या यादीत गंधार आहे, हिंदुश नाही. नंतरच्या लेखांत तो येतो, जिंकलेला प्रांत म्हणून. पर्सेपोलिसच्या सोन्या-चांदीच्या पत्र्यांवर राजा आपल्या राज्याची हद्द सांगतो, हिंदुशपासून सार्डिसपर्यंत. त्या हद्दीत सिंधूकाठच्या लोकांना कर भरावा लागत होता. आपले कोण होते, कर घेणारा की देणारे?

व्युत्पत्तीचा हट्ट जुना आहे. हिरोडोटस हा मोठा माणूस, पण त्याने दार्यूशचा अर्थ ‘कृती करणारा’ असा काहीतरी दिला, जो नावाशी जुळत नाही. त्याच्या लिखाणात एक आणखी बोलके विधान आहे: सगळी फार्सी नावे ‘स’ने संपतात, आणि हे खुद्द इराण्यांच्या लक्षात आलेले नाही! काही नावांना प्रथमेचा ‘श’ होता हे खरे, पण बाकीच्यांना ‘स’ची शेपटी ग्रीकांनीच लावली होती. ख्शयार्शा तर सरळ ‘आ’ने संपतो. स्वतः घातलेला अंगरखा पाहून समोरच्याची कातडी अशीच आहे असे म्हणण्यासारखे हे झाले. नावाला ‘धारयद्वसु’चा शेला पांघरून मग ‘पाहा, शेला आपल्याच मागावरचा’ म्हणणे यापेक्षा वेगळे नाही.

एक खुलासा करायला हवा. मुंबईत एखाद्या पारशी गृहस्थांचे नाव ‘डरायस’ किंवा ‘सायरस’ असेल, तर त्यांना ‘दार्यूश’, ‘कूरुश’ अशी दुरुस्ती सुचवण्याचा अधिकार कुणालाही नाही. ज्याचे नाव त्याचे. त्याच घरात दाराब आणि अर्देशीरही असतील. अर्देशीर म्हणजे जुना ‘अर्तख्शथ्र’, ज्यात आपल्या ‘ऋत’ आणि ‘क्षत्र’ यांची भावंडे एकत्र आली आहेत. जिवंत माणसाचे नाव त्याच्याकडून शिकावे. मृत राजाला विचारता येत नाही, म्हणून शिळेला विचारावे, आणि त्याची भाषा आजही बोलणाऱ्या लोकांना विचारावे. मी ‘दारयवहुश’ऐवजी ‘दार्यूश’ नेहमीच्या वापरासाठी सुचवतो ते याचसाठी. जुने रूप अभ्यासाला हवे. पण आजच्या इराणात मुलांना हाक मारायला जे नाव वापरतात ते घेतले, तर राजाला आपण जिवंत माणसांमधून आणतो.

आता अर्थाबद्दल शेवटचे. नाव समजणे म्हणजे नावाचे ऐकणे नव्हे. ‘भले ते धरून ठेवणारा’ या माणसाने बेहिस्तूनला सांगितले आहे की आपल्या विरोधात उठलेले सगळे ‘द्रौग’चे, असत्याचे, पाईक होते, हा शब्द आपल्या ‘द्रोह’चा नातलग. एका वर्षात १९ लढाया केल्या आणि ९ राजांना पकडले, असा हिशेब तो देतो. गादीवर येताना त्याने आधीच्या ज्या राजाला तोतया म्हणून मारले तो खरोखर तोतया होता की गादीचा खरा वारस, यावर इतिहासकारांना आजही शंका आहे. तेव्हा नावातला ‘वहु’ हे चारित्र्याचे प्रमाणपत्र नाही. आईबापांनी किंवा दरबाराने दिलेले नाव माणसाची आकांक्षा सांगते, हिशेब नव्हे.

१९७२ मध्ये इराणमधल्या शूशला, म्हणजे जुन्या सूसाला, दार्यूशचा एक पुतळा सापडला. तो मूळचा इजिप्तमध्ये घडवलेला. अंगावर इराणी झगा, आणि त्याच्या चुण्यांवर एका बाजूला कीललिपीत तीन भाषा, दुसऱ्या बाजूला इजिप्तची चित्रलिपी. जुन्या फार्सीतले वाक्य सांगते की हा पुतळा का घडवला: जो कोणी पाहील त्याला कळावे की ‘पार्स मर्तिय मुद्रायम् अदारय’, पारसी माणसाने इजिप्त धरले आहे. ‘अदारय’. संस्कृतात ‘अधारयत्’. राजाच्या नावातले जे क्रियापद, तेच त्याच्या सत्तेचे क्रियापद. नावात ते ‘भले’ धरते, पुतळ्यावर देश धरते. ‘डरायस’ म्हणणाऱ्याला हे दिसत नाही, कारण त्याच्या रूपात ‘धरणे’ ऐकूच येत नाही. ‘धारयद्वसु’ म्हणणाऱ्याला ते ऐकू येते, पण तो ‘वसु’वरच थांबतो. इजिप्तच्या ज्या कारागिराने तो दगड घडवला त्याला मात्र दोन्ही कळले असावे. तेहरानच्या संग्रहालयात तो पुतळा आज उभा आहे. डोके कधीच तुटून गेले. चुण्यांवरची अक्षरे अजून वाचता येतात.